आधी काच, मग स्प्रिंगा

[क्लोजअप: शॉकमध्ये पडणारं तेल]

रिमोटवरच्या छोट्या गाडीचा हा शॉक, म्हणजे धक्के झेलणारी तेलाची नळी. हे जे पडतंय ते सिलिकॉनचं तेल, आणि त्यातून जे बारीक बारीक बुडबुडे वर येतायत त्यांच्यासाठीच आज गाडी सेट करून दाखवणारे आपले काका थांबलेत. पिस्टन हळूहळू खालीवर करायचा, जोरात केला की उलट हवाच आत जाते, आणि मग शॉक उभा ठेवून बुडबुडे संपेपर्यंत गप्प बसायचं. बाटलीवरचा आकडा दिसला का, ४०० सीएसटी, म्हणजे सेंटिस्टोक. तेल किती घट्ट आहे ते हा आकडा सांगतो. बऱ्याच कंपन्या 'वेट' या दुसऱ्या मापात लिहितात, ३० वेट, ३५ वेट, पण एकाचं ३० दुसऱ्याच्या ३० शी जुळेलच असं नाही, म्हणून घेताना सीएसटीच बघायचं. आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये डांबर तापलं की तेल पातळ होतं, जे थंडीत मस्त चाललं तेच उन्हाळ्यात गाडीला डुलायला लावतं, मग एक पायरी घट्ट तेल भरायचं.

[दोन शॉक टोकाला टोक लावून दाबताना]

हा शॉट मुद्दाम मोठा ठेवलाय. दोन्ही शॉक एकमेकांवर दाबले आणि एक आधी आत गेला तर दोघांत काहीतरी वेगळं आहे, तेल कमी, नाहीतर हवा. त्यानंतर वर्नियर कॅलिपरने दोघांची लांबी मोजायची. इथे अर्धा मिमी फरक म्हणजे पुढे टेबलावर तासभर डोकं खाजवायचं.

[जुन्या गाडीचे फोटो]

थोडं मागे जाऊ. टामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी, तिची पहिली रिमोटवरची गाडी १९७६ ची पोर्शे ९३४, आणि ती बनवण्याआधी त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन पूर्ण सुटी केली होती. म्हणजे हातात पान्हा घेण्याआधी मोजून बघायची सवय या छंदाच्या जन्मापासूनची आहे, आपल्याकडेच ती मधे कुठेतरी गळाली. पुढे १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आली, तेलाच्या शॉकसकट. आणि गंमत बघा, २०१३ मध्ये आलेल्या टामियाच्याच टीटी-०२ या गाडीच्या साध्या किटमध्ये आजही तेल नसलेले, नुसत्या घर्षणावर चालणारे प्लॅस्टिकचे डँपर, म्हणजे शॉकच, मिळतात. काकांकडे शिकायला आलेल्या पोराच्या हातात हीच गाडी आहे. त्याने आल्या आल्या विचारलं, "काका, आधी चाकं धरणारे आर्म ॲल्युमिनियमचे घेऊ का?" काका म्हणाले, "अरे, आधी तेलाचे शॉक घे, आणि ते बसवायच्या आधी काच आण."

[टेबल, वरून]

ही ती काच. जाड, टफन केलेली, काचवाल्याकडून कापून आणलेली. फरशीवर का नाही, तर बघा, फरशीवर स्टीलची पट्टी आडवी उभी केली आणि मागून टॉर्च मारला, खालून उजेडाची रेघ येतेय. पट्टी काचेवर ठेवून तसाच मारला, रेघ नाही. फरशीवर घेतलेलं माप हे गाडीचं नाही, फरशीचं माप. काचेवर स्पिरिट लेव्हलही ठेवतात, लांबीत आणि रुंदीत.

[शेजारची टूरिंग चॅसी, चाकं काढलेली]

ही दुसरी गाडी काकांची, टूरिंग म्हणजे डांबरी किंवा सपाट ट्रॅकवर पळणारी. चॅसी, म्हणजे गाडीचा तळ, १० मिमीच्या दोन ठोकळ्यांवर ठेवली, डावी-उजवी बाजू जोडणारी सळई म्हणजे अँटी-रोल बार सोडला, आता आर्म नुसते लोंबतायत आणि त्यांच्या टोकाखाली पायऱ्यांचं गेज सरकतंय. ५ ची पायरी घासून गेली, ६ ची अडली. हा ड्रूप, म्हणजे आर्म खाली किती लोंबतो ते. आकडा लहान तितका आर्म जास्त खाली, तितका ड्रूप जास्त. मागचा ड्रूप वाढवला की थ्रॉटल सोडल्यावर वजन पुढे जास्त पळतं आणि नाक वळायला लागतं. डावा-उजवा आकडा सारखा हवा, एवढं नक्की. साध्या टीटी-०२ ला ड्रूपचा स्क्रूच नाही, तिथे शॉकच्या आत रॉडवर छोटा स्पेसर घालतात, झालं काम.

आता चाकं लावली, बॅटरी बसवली, गाडी वीतभर उंचीवरून दोन-तीनदा सोडली म्हणजे सगळं सैल होऊन जागेवर बसतं, आणि मगच खालून राइड हाइटचं, म्हणजे चॅसी जमिनीपासून किती वर आहे त्याचं गेज. चांगल्या रेसिंग ट्रॅकवर टूरिंग गाडी ५ ते ५.५ मिमीवर चालते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेवढी ठेवलीत तर खडी चॅसीवर सही करून जाईल, आम्ही ७ ठेवली. ही जी शॉकवरची, स्प्रिंग दाबणारी कॉलर फिरतेय तिने स्प्रिंग कडक होते असं सगळ्यांना वाटतं, होत नाही, गाडी फक्त वर येते. कडक हवी तर स्प्रिंगच बदला.

[चाकूचं टोक, चॅसीच्या मधोमध]

आमचा सगळ्यात आवडता शॉट! चाकूच्या टोकाने पुढून बरोबर मध्यावर उचललं, आणि डावं चाक आधी सुटलं, उजवं अजून काचेवरच. याला ट्वीक म्हणतात, गाडी पिळलेली आहे. कारण साधं निघालं, चॅसीच्या वरच्या पट्टीचे, म्हणजे वरच्या डेकचे स्क्रू एका बाजूने आवळले होते. सैल केले, चॅसी काचेवर दाबली, आलटून पालटून आवळले. पुन्हा चाकू, दोन्ही चाकं एकदम. फुकटात.

कॅम्बर, म्हणजे चाक आत-बाहेर किती झुकलंय ते, गेज टायरला टेकवून बघतात, उणे दीड ते दोन अंश, पण टायर फुगीर असला की आकडा खोटा येतो, म्हणून चाकाऐवजी सपाट प्लेट लावणारं सेटअप स्टेशन निघालं, स्लोव्हाकियाच्या हुडीचं नावाजलेलं आहे आणि किंमतही तशीच. पण साध्या टीटी-०२ चे वरचे आर्म ठरावीक लांबीचे येतात, फिरवायला काही नाही, मग स्टेशन घेऊन बघत बसणार का? लांबी फिरवून कमी-जास्त करता येणारे रॉड, म्हणजे टर्नबकल लागेपर्यंत काच, वर्नियर, राइड हाइट गेज बास. माझं तरी मत असं.

[वही]

प्रत्येक आकडा वहीत, आणि एका वेळी एकच बदल.

[पार्किंग, गाडी वळणावर]

आधी वळणावर सरळ पळायची, आता वळते.

डिफच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, तेलाचं शूट झालंच नाही, बॅटरी संपली, कॅमेऱ्याची. ते पुढच्या व्हिडिओत.