हॅनाचा मुलगा : चार्ली चॅप्लिनचे बालपण

नमस्कार. १९१६ साली अमेरिकेतील म्युच्युअल या चित्रपट कंपनीने सव्वीस वर्षांच्या चार्ली चॅप्लिनशी वर्षाला ६ लाख ७० हजार डॉलरचा करार केला. त्याच्या बरोबर वीस वर्षे आधी, वयाच्या सातव्या वर्षी, हाच मुलगा आई आणि भावासह दक्षिण लंडनमधील वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी संस्थेत, निराधार म्हणून दाखल झाला होता. ही कहाणी सांगताना त्याची आई हॅना बहुधा एक दुर्दैवी, मनोरुग्ण बाई म्हणून दोन वाक्यांत उरकली जाते. मला ते अन्यायाचे वाटते, म्हणून आज तिच्याच बाजूने हे बालपण पाहू.

हॅना ही जोडे शिवणाऱ्या कारागिराची मुलगी. लिली हार्ली या नावाने ती म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी, नाच आणि नकला चालणाऱ्या त्या काळच्या लोकप्रिय रंगमंचावर, गात असे. चार्लीचे वडील चार्ल्स हेही तिथलेच नावाजलेले गायक होते. मात्र त्या थिएटरांची मिळकत दारूच्या विक्रीवर अवलंबून असे आणि खेळ संपल्यावर कलाकाराने प्रेक्षकांबरोबर प्यावे, अशी अपेक्षाच असे. चार्ल्स त्या व्यसनात बुडाले. चार्ली दोन-तीन वर्षांचा असतानाच आईवडील वेगळे झाले आणि चार्ली व त्याचा चार वर्षांनी मोठा सावत्र भाऊ सिडनी, दोघांचा भार हॅनावर आला.

मग तिचा आवाज जाऊ लागला. ऑल्डरशॉट या लष्करी छावणीच्या गावी, सैनिकांनी भरलेल्या थिएटरात, गाता गाता तिचा आवाज फाटला आणि लोक हुर्यो उडवू लागले, तेव्हा व्यवस्थापकाने पाच वर्षांच्या चार्लीला मंचावर उभे केले. त्याने गाणे सुरू करताच नाणी पडू लागली आणि त्याने गाणे थांबवून आधी नाणी गोळा केली, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. हा प्रसंग त्याचे पदार्पण म्हणून कौतुकाने सांगितला जातो. हॅनाच्या दृष्टीने मात्र तिचा व्यवसाय त्या सुमारास संपला. पुढे ती लोकांचे कपडे शिवून घर चालवू लागली.

तेही पुरेना, तेव्हा १८९६ मध्ये वर्कहाऊसचे दार ठोठवावे लागले. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही व्यवस्था मुद्दाम कठोर केली होती : आतले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असावे, म्हणजे कोणी सहजासहजी मदत मागायला येणार नाही, हे तिचे तत्त्व. त्यामुळे आत शिरताच आई एकीकडे आणि मुले दुसरीकडे. काही आठवड्यांत दोन्ही भावांना हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत पाठवण्यात आले. सिडनी तेथून एका प्रशिक्षण जहाजावर गेला आणि चार्ली एकटा उरला. नायटा झाला म्हणून तिथे त्याचे डोके भादरून आयोडीन फासण्यात आले होते. तो सुमारे दीड वर्ष त्या शाळेत होता.

१८९८ मध्ये पुन्हा वर्कहाऊसची वेळ आली. त्या ऑगस्टमध्ये हॅनाने एक धाडस केले, ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते. मुलांना भेटण्यासाठी तिने रीतसर अर्ज देऊन स्वतःची आणि मुलांची सुटका करून घेतली. राहायला घर नव्हतेच. सिडनीजवळच्या नऊ पेन्सांतून चेरी आणि थोडे खाणे घेऊन तिघांनी केनिंग्टन पार्कमध्ये दिवस काढला, वर्तमानपत्राचा चेंडू करून ते खेळले आणि संध्याकाळी पुन्हा वर्कहाऊसमध्ये परतले. अधिकारी चिडले, कारण सगळी कागदपत्रे नव्याने करावी लागली.

पुढच्याच महिन्यात तिला केन हिल मनोरुग्णालयात हलवले. मुले काही काळ वडिलांच्या घरी राहिली, पण दारूने पोखरलेले ते घरही त्यांना थारा देऊ शकले नाही. १९०१ मध्ये वडील वारले, तेव्हा ते अवघे अडतीस वर्षांचे होते.

१९०३ मध्ये हॅना पुन्हा आजारी पडली. शेजारच्या मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून ती दारोदार कोळशाचे तुकडे वाटत होती. सिडनी समुद्रावर होता, म्हणून चौदा वर्षांचा चार्लीच तिला चालवत रुग्णालयात घेऊन गेला. उपासमारीमुळे असे झाले, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले. पुढे भेटीला गेल्यावर ती म्हणाली की, त्या दुपारी तू मला एक कपभर चहा दिला असतास, तर मी बरी झाले असते. हे वाक्य तो विसरला नाही.

तिने त्याला जे दिले, तेही विसरू नये. बऱ्या दिवसांत ती खिडकीशी बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालीवरून आणि चेहऱ्यावरून त्यांच्या घरातली भांडणे ओळखायची आणि त्यांच्या हुबेहूब नकला करायची. माणसांचे निरीक्षण कसे करावे, हे आपण आईकडूनच शिकलो, असे चार्ली आवर्जून सांगत असे. म्हणूनच चार्लीचा ‘द किड’ हा चित्रपट पाहताना अनाथालयाच्या लोकांचा प्रसंग लक्ष देऊन पाहा. तिथला वरिष्ठ अधिकारी त्या अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या गरीब माणसाशी थेट बोलत नाही, आपल्या सहायकामार्फत प्रश्न विचारतो, आणि मग मुलाला जबरदस्तीने गाडीत घातले जाते. असे अधिकारी चार्लीने सातव्या वर्षी जवळून पाहिले होते.

हा चित्रपट १९२१ च्या प्रारंभी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी दोन्ही भावांनी हॅनाला कॅलिफोर्नियाला आणले. समुद्राजवळच्या घरात, परिचारिकांच्या देखरेखीखाली, तिने अखेरची सात वर्षे काढली. तिला त्या अवस्थेत पाहणे चार्लीला इतके जड जाई की त्याच्या भेटी कमीच होत. १९२८ मध्ये तिचे निधन झाले.