पस्तीस अंशांपलीकडचा संगणक

(दृश्य : मे महिन्यातील दुपार आहे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारपेठेतील मुख्य रस्त्यावर वर्दळ विरळ झाली आहे.)

फोन किंवा लॅपटॉपच्या खोक्यातून निघणारे बारीक अक्षरांतले माहितीपत्रक फार थोडे जण वाचतात. त्यातला एक आकडा मात्र प्रत्येक नागपूरकराने वाचावा असा आहे. आयफोन वापरताना भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे आणि मॅकबुक वापरताना ते १० ते ३५ अंश असावे, असे ॲपल कंपनी सांगते. इतर अनेक कंपन्यांची मर्यादाही याच्याच आसपास असते. नागपुरात मार्च सरत आला की दुपारचा पारा ही मर्यादा ओलांडतो आणि जूनच्या मध्यास पाऊस येईपर्यंत तो क्वचितच तिच्या खाली उतरतो. २३ मे २०१३ रोजी तर येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे घरच्या संगणकाविषयी या शहरात विचारल्या जाणाऱ्या कित्येक प्रश्नांची उत्तरे यंत्र उघडण्याआधीच, त्याच्या भोवतालची हवा, धूळ आणि भिंतीतून येणारी वीज तपासून मिळू शकतात.

नेहमीचा पहिला प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात असा येतो : "भाऊ, दुपारी लॅपटॉप हँग होऊन राहिला, रात्री बरोबर चालते." प्रश्न विचारणाऱ्याने अर्धे निदान स्वतःच केलेले असते. प्रोसेसर काम करताना तापतो आणि ती उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्याजवळच्या पातळ पात्यांपर्यंत जाऊन तेथून हवेत सोडली जाते. ही उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे प्रोसेसर आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. लॅपटॉपच्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. खोली २५ अंशांची असेल, तर हा फरक ७५ अंशांचा राहतो. स्लॅबखालच्या तापलेल्या खोलीत ४० अंश असतील, तर तो ६० वर येतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक पंचमांशाने घटते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि आपल्याला वाटते की संगणकात व्हायरस शिरला. याची खातरजमा घरीच करता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातील परफॉर्मन्स विभागात प्रोसेसरचा वेग किती गिगाहर्ट्झ दिसतो ते पाहावे आणि तेच काम करताना पहाटेचा व दुपारचा आकडा ताडून पाहावा. दुपारी तो बराच खाली जात असेल, तर व्हायरस शोधण्यात वेळ घालवू नये.

(दृश्य : दुरुस्तीच्या टेबलावर लॅपटॉप पालथा ठेवला आहे. कॅमेरा पंख्याच्या अगदी जवळ जातो.)

खालचे झाकण निघाले की पंखा वरवर स्वच्छ दिसतो आणि अनेक जण येथेच फसतात. कारागीर पंख्याचे तीन बारीक स्क्रू काढून तो बाजूला करतो, तेव्हा पंखा आणि पात्या यांच्या मधल्या फटीत करड्या धुळीचा, केसांचा आणि कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला दिसतो. चिमट्याने ओढला तर तो अखंड पट्टीच्या रूपात निघून येतो. पंखा जोरात फिरत असूनही गरम हवा बाहेर का पडत नव्हती, हे तेव्हा कळते. बाहेरून ब्लोअरने हवा मारली, तर हा थर बहुधा हलत नाही. त्याच वेळी प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता नळीकडे नेणारा लेप, पाहून घ्यावी; ती वाळून भेगाळली असेल, तर जुनी पुसून काढून नवा पातळ थर द्यावा लागतो. हे काम उन्हाळा लागण्याआधी, फेब्रुवारीत करून घेणे शहाणपणाचे आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुकानात गर्दी असते आणि तोपर्यंत यंत्राने बराच ताप सोसलेला असतो.

"जुना झाला, आता नवाच घ्या," हा सल्ला मला घाईचा वाटतो. साफसफाईनंतरही यंत्र संथच असेल आणि त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने पडणारा फरक बहुतेकांना पहिल्याच दिवशी जाणवतो. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत अद्ययावतीकरणाची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, त्यामुळे बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करणाऱ्यांनी विंडोज ११ त्यावर चालेल का, हे मात्र आधी तपासून घ्यावे.

आता कूलरविषयी. खस किंवा वूडवूलच्या ताट्या लावलेला कूलर हा नागपूरच्या घराचा आधार आहे आणि त्याच्या दमट हवेने संगणक खराब होईल, अशी भीती अनेकांना वाटते. मे महिन्यातील आपली हवा इतकी कोरडी असते, की खिडकी उघडी ठेवून चालवलेला कूलर खोली थंड करून संगणकाला मदतच करतो. अडचण तुषारांची आहे. टाकीतले पाणी क्षारयुक्त असते आणि कूलरच्या तोंडासमोर ठेवलेल्या यंत्रात त्या पाण्याचे बारीक थेंब गेले, तर ते सुकल्यावर क्षार आत राहतो आणि जोडण्या गंजतात. म्हणून टेबल कूलरच्या थेट झोतातून एका बाजूला सरकवावे.

फोनच्या बाबतीत तक्रार वेगळी असते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबते, पडदा आपोआप मंद होतो आणि लोक चार्जर बदलायला निघतात. फोन तापला की आतील प्रणाली जाणूनबुजून चार्जिंग रोखते, कारण गरम असताना पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी सर्वांत वेगाने झिजते. फोन सावलीत ठेवावा, जाड कव्हर काढावे, पंख्याखाली निवू द्यावा. तो फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय काही घरांत केला जातो आणि तो मी कळकळीने टाळायला सांगेन, कारण थंडगार फोन बाहेरच्या हवेत आला की त्याच्यावर आणि कधी आतही दव जमते. दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात फोन लावून दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्यांच्या फोनची बॅटरी लवकर जाते, त्यामागेही हेच कारण असते.

(दृश्य : लॅपटॉपच्या धातूच्या कडेला टेस्टर टेकवला जातो. त्यातला दिवा मंद पेटतो.)

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, हा प्रश्न लोक संकोचाने विचारतात आणि अनेकदा त्याला हसण्यावारी नेले जाते. तो अत्यंत योग्य प्रश्न आहे. ॲडॅप्टरमध्ये विद्युत गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या लहान कपॅसिटरांमधून अतिशय सूक्ष्म प्रवाह धातूच्या कवचापर्यंत येतो. तिसरी पिन अर्थिंगला जोडलेली असेल, तर तो मुकाट्याने जमिनीत जातो; नसेल, तर स्पर्श करणाऱ्या माणसातून जातो. ॲडॅप्टरच दोन पिनांचा असेल, तर उत्तम अर्थिंगच्या घरातही हे घडू शकते. पण ॲडॅप्टर तीन पिनांचा असून झिणझिण्या येत असतील, तर घराची अर्थिंग संशयास्पद आहे, असे समजून वायरमनला बोलवावे, कारण त्याच अर्थिंगवर फ्रीज, गिझर आणि पाण्याने भिजलेला लोखंडी कूलरही अवलंबून असतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्याच्या मोठ्या छिद्रामागे कधी कधी तारच नसते.

जेथे तार आहे, तेथेही उन्हाळ्यात एक गोष्ट घडते. काळी माती सुकून तिला भेगा पडतात, मीठ आणि कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. जुने वायरमन उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायला सांगतात, त्यामागे हे शास्त्र आहे. स्पाईक गार्डमधील, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डातील, अर्थिंगकडे दाब वळवणारा भागही खड्डा कोरडा असेल तर नीट काम करू शकत नाही. अवकाळी पावसात विजा कडाडू लागल्या, तर प्लग काढून ठेवण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

वीज गेली की इन्व्हर्टर असूनही डेस्कटॉप बंद पडतो, याचे उत्तर बहुधा इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला मिळते. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज खंडित झाल्यावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंदच तग धरतो; इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागला, तर संगणक बंद पडतो. अनेक इन्व्हर्टरांवर यूपीएस मोडचे बटण असते आणि ते त्या बाजूला केल्यास अदलाबदल पुरेशी लवकर होते.

शेवटचा मुद्दा फुगलेल्या बॅटरीचा आहे. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेनासे झाले किंवा फोनची मागची बाजू फाकली, तर आत वायू साठलेला असतो. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये आणि टाचणीने वायू सोडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. कचऱ्याच्या गाडीत ती टाकू नये, कारण तेथे ती दाबली गेली, तर आगीचा धोका गाडीवरच्या कामगारांना असतो.