फोनवरचा तंत्रज्ञ

विंडोजवर चालणाऱ्या कोणत्याही संगणकात एक लांबलचक यादी सापडते. तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. संगणक सुरू होताना एखादी सेवा चार क्षण उशिरा जागी झाली, प्रिंटर सापडला नाही किंवा एखादे अपडेट अर्धवट राहिले, की त्याची नोंद येथे होते आणि तिच्यापुढे लाल किंवा पिवळे चिन्ह उमटते. कालच दुकानातून आणलेल्या संगणकातही अशा नोंदी असतात. त्या तंत्रज्ञांच्या उपयोगाच्या असल्यामुळे घरातल्या माणसाला त्या उघडून पाहण्याची वेळच येत नाही, आणि याच अनोळखीपणावर फसवणुकीचा जगभर पसरलेला एक धंदा उभा आहे.

या धंद्यातला माणूस स्वतःहून फोन करतो. आपण मायक्रोसॉफ्टमधून बोलत आहोत आणि तुमच्या संगणकात व्हायरस शिरल्याचे आम्हाला येथे दिसत आहे, असे तो सांगतो. समोरच्याने शंका काढली, तर तो चिडत नाही. तुम्हीच खात्री करून घ्या, असे शांतपणे म्हणतो, कोणत्या कळा दाबायच्या ते सांगतो आणि ही यादी उघडायला लावतो. शेकडो लाल चिन्हे पाहिल्यावर सत्तरीच्या गृहस्थाच्या पोटात गोळा येतो. त्यानंतर फोनवरचा माणूस कमांड प्रॉम्प्ट नावाच्या काळ्या खिडकीत एक छोटी आज्ञा लिहायला लावतो आणि शेवटच्या ओळीतला ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा मोठा क्रमांक स्वतः वाचून दाखवतो. हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक असून तो फक्त कंपनीलाच ठाऊक असतो, असे तो म्हणतो. प्रत्यक्षात तो क्रमांक विंडोजच्या लाखो संगणकांवर अगदी तसाच असतो. यादी खरी असते, क्रमांकही खरा असतो; खोटा असतो तो त्यांचा फोनवरून सांगितलेला अर्थ, आणि म्हणूनच शिकलेली, सावध माणसेसुद्धा येथे फसतात.

पुढचे काम सोपे असते. दुरून संगणक हाताळता येईल असे सॉफ्टवेअर घ्यायला लावले, की पडदा त्याच्या ताब्यात जातो. काही जण दुरुस्तीचे पैसे उकळतात. काही जण परतावा देण्याचे सोंग करतात, बँकेच्या पानावर दिसणारा आकडा केवळ त्या पडद्यापुरता बदलतात आणि चुकून जास्त पैसे जमा झाले, आता माझी नोकरी जाईल, असे रडवेल्या आवाजात सांगून ते गिफ्ट कार्डांच्या रूपाने परत मागतात. जे पैसे देत नसत, त्यांच्या संगणकाला हे लोक विंडोजमधल्या सिस-की (Syskey) नावाच्या सोयीचा वापर करून पासवर्डचे कुलूप घालत. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ती सोयच विंडोजमधून काढून टाकली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा टोळ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यांतील बहुतेकींची मुळे भारतात निघाली. एफबीआयकडे २०२३ या एकाच वर्षात अशा ३७ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसान ९२ कोटी डॉलरच्या पुढे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतील दोन गुन्हे ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या तक्रारींवरून नोंदवलेले होते.

महाराष्ट्राला या धंद्याचा चेहरा जवळून दिसला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये, मीरा रोडला. ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले आणि सुमारे सत्तर जणांना अटक केली. तेथील आवाज संगणक कंपनीचे नव्हे, तर अमेरिकी आयकर खात्याचे सोंग घेत होता. परंतु लिहून दिलेले संवाद, आधी भीती आणि मग घाई, शेवटी गिफ्ट कार्डे, ही रीत तीच होती. ज्या इंग्रजी बोलण्यावर मुंबई-पुण्यातल्या हजारो मुलामुलींनी प्रामाणिकपणे घर चालवले, तेच बोलणे येथे परक्या देशातल्या वृद्धांची बचत काढून घेण्यासाठी वापरले जात होते, याचे दुःख अजून कमी झालेले नाही.

आता तीच रीत आपल्या घरांकडे वळली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने दुरून फोन किंवा संगणक हाताळू देणाऱ्या एनीडेस्क या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. आपल्याकडे अनेकदा ग्राहक स्वतःच इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतो आणि तेथे पेरून ठेवलेल्या खोट्या क्रमांकावर फोन लावतो. म्हणून क्रमांक घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा बिलावरून. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला असा फोन करत नाही आणि पडद्यावर उमटणाऱ्या तिच्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. तेव्हा असा फोन आल्यास वाद न घालता तो ठेवून द्यावा. अशा लोकांना बोलण्यात गुंतवून त्यांची फजिती करण्याचा मोह काहींना होतो, पण ज्या संगणकात घरचे बँक व्यवहार आहेत, त्यावर हा खेळ मांडू नये.

पैसे गेलेच, तर पहिला तास सर्वांत मोलाचा असतो, आणि बहुतेक घरांत तोच तास लाजेपायी वाया जातो. “बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं होतं,” हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून वडील दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरून काढून घेतली जाते. हे वाक्य मुलांनी गिळावे, अशी आमची मनापासून विनंती आहे. संगणकाचे इंटरनेट आधी तोडावे, बँकेला कळवावे आणि लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक लावावा. तेथे बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला जातो. म्हणून बँकेकडून आलेला संदेश, तो पाहून कितीही संताप आला, तरी पुसून टाकू नये.