माप घेणाऱ्याची जबाबदारी

श्रोतेहो, नमस्कार. खिडक्यांचे पडदे आणि ब्लाइंड्स, म्हणजे पट्ट्यांचे किंवा गुंडाळत्या कापडाचे खाली-वर होणारे आडोसे, मापाने बनवून, घरी नेऊन बसवून देण्याचा जो धंदा आहे, त्याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. गेली अनेक वर्षे मी हेच काम करीत आलो आहे, आणि कोणी नव्याने या धंद्यात उतरण्याचा विचार घेऊन माझ्याकडे आले, की मी त्यांना सर्वांत आधी विचारतो, खिडकीचे माप कोण घेणार? कापड कोठून आणायचे, दुकान कोठे टाकायचे, जाहिरात कशी करायची, हे सगळे मागाहून ठरवता येते. मापाने बनवलेला पडदा मात्र दुसऱ्या कोणत्याही खिडकीला लागत नाही, म्हणून तो चुकला तर भुर्दंड ज्याने माप घेतले त्याने सोसायचा असतो. हे ज्याला मनापासून मान्य आहे, त्यानेच या धंद्यात यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

खिडकी दिसायला काटकोनी चौकोन असते, पण टेप लावला की ती क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, सापडते. गिलाव्याचा थर एका बाजूला जाड बसलेला असतो, लाकडी चौकट दमट हवेत फुगून पुन्हा आटलेली असते, किंवा इमारत थोडी खचून वरची कड एका अंगाला झुकलेली असते. म्हणून चौकटीच्या आत बसणाऱ्या ब्लाइंडसाठी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी लागते, उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजावी लागते, आणि शेवटी दोन्ही कर्ण ताडून पाहावे लागतात. समजा रुंदी वर १२१४ मिलिमीटर, मध्ये १२१० आणि खाली १२०६ भरली, तर वहीत धरायचे माप १२०६. सर्वांत लहान आकडा घ्यायचा, सरासरी काढायची नाही. टेप पोलादी असावा, कारण कापडी टेप वापराने ताणला जातो, आणि ताणलेला टेप दिवसभर एकच चूक इमानाने करीत राहतो.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. धंदा सुरू केल्यानंतर थोड्याच दिवसांत एका घरी लाकडी पट्ट्यांचा व्हेनेशियन ब्लाइंड द्यायचा होता. घाई होती, शिडीवर चढलेलोच होतो, म्हणून फक्त वरची रुंदी मोजली आणि ती १२१४ अशी लिहून दिली. बनवणाऱ्याने त्यातून रीतीप्रमाणे ६ मिलिमीटर कमी करून १२०८ चा ब्लाइंड पाठवला. बसवला तेव्हा तो वर सुरेख बसला, अर्ध्यापर्यंत सहज उतरला, आणि खाली वीतभर अंतर राहिले तेथे तळपट्टी दोन्ही बाजूंनी चौकटीत अडकली. फरक अवघा दोन मिलिमीटरचा होता. घरातील बाई काही बोलल्या नाहीत; त्यांनी हाताने पट्टी एकदा खाली ओढून पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. पट्ट्यांच्या कडा घासून काम भागवता आले असते, परंतु घासलेल्या कडेचा रंग जातो आणि ती जागा पुढे ओल धरते, म्हणून मी माझ्या खर्चाने नवा ब्लाइंड करून दिला. त्या एका खिडकीने पुढच्या कित्येक खिडक्यांचा नफा नेला. तेव्हापासून वहीत सहा आकडे आणि दोन कर्ण लिहिल्याशिवाय मी शिडी बंद करीत नाही.

मापासंबंधीची आणखी एक चूक इतकी सर्रास होते की तिचा उल्लेख टाळता येत नाही. खिडकीचे उघडे माप आणि ब्लाइंडचे तयार माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत बसणाऱ्या ब्लाइंडला हलायला थोडी जागा लागते आणि ती सूट कोणीतरी एकानेच द्यायची असते. आपण आधीच सूट वजा करून आकडा पाठवला आणि कारखान्याने तो उघडे माप समजून पुन्हा सूट दिली, तर दोन्ही कडांना नको तेवढी फट पडते. म्हणून ऑर्डरच्या कागदावर आकड्यापुढे तो कोणता आकडा आहे हे शब्दांत लिहावे. फोनवर सांगितलेले माप कधीही धरू नये.

ग्राहकाने स्वतः घेतलेल्या मापाविषयीही माझे हेच म्हणणे आहे. दराचा अंदाज देण्यापुरते ते ठीक आहे, पण कापडाला कात्री लागण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन पाहिलेच पाहिजे. दूरवरून माल पाठवणाऱ्या मोठ्या विक्रेत्यांच्या दराशी स्थानिक दुकानदाराला झुंज देता येत नाही, आणि ती देण्याचा हट्टही त्याने धरू नये. त्याच्यापाशी जे आहे ते दूरच्या विक्रेत्यापाशी नाही: तो त्या खिडकीसमोर उभा राहू शकतो. खिडकीची कडी आतल्या बाजूला किती पुढे येते, तावदान आत उघडते की बाहेर, भिंतीत वर काँक्रीट आहे की पोकळ वीट, पडद्याच्या वाटेत पलंगाची पाठ किंवा विजेचे बटण येते का, ऊन सकाळी येते की संध्याकाळी, हे सगळे तेथे गेल्यावरच कळते.

आता कापडी पडद्यांकडे वळू. येथे टेपाच्या जोडीला गणित लागते. रॉड २०० सेंटिमीटरचा असेल आणि चुण्या भरघोस हव्या असतील, तर कापड त्याच्या दुप्पट, म्हणजे ४०० सेंटिमीटर रुंद लागते. कापडाचा पन्हा १३७ सेंटिमीटर असेल तर तीन पन्हे, म्हणजे ४११ सेंटिमीटर. कडांच्या दुमडी आणि जोडाच्या शिवणी यांत पंचवीसेक सेंटिमीटर जातात, आणि चुण्या दुपटीच्या किंचित खाली येतात, तेवढे चालते. उंचीला तयार पडदा २४० सेंटिमीटर हवा असेल, तर वरची पट्टी आणि खालची दुहेरी दुमड धरून प्रत्येक पन्हा २७० सेंटिमीटर कापावा लागतो. साध्या कापडाला एकूण ८.१ मीटर पुरतात. परंतु त्याच कापडावर मोठी नक्षी असेल आणि ती दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर जोडावर फूल फुलाला मिळण्यासाठी प्रत्येक पन्हा नक्षीच्या पूर्ण पटीत, म्हणजे ३२० सेंटिमीटर घ्यावा लागतो आणि एकूण कापड ९.६ मीटर होते. दीड मीटर कापडाचा हा फरक ज्याने दर सांगताना धरला नाही, तो एकतर पदरचे घालतो किंवा नक्षी तुटू देतो. तुटलेली नक्षी बसल्या जागेवरून रोज दिसते, आणि ग्राहकाला ती रोज खुपते. जो कारागीर जोडावर नक्षी जुळवून देतो, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये असे मला कळकळीने वाटते.

ग्राहकाला आधी सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत, आणि त्या सांगताना ऑर्डर हातची जाईल या भीतीने आवाज खाली आणू नये. झोपण्याच्या खोलीसाठी पूर्ण अंधार करणारा रोलर ब्लाइंड, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा सपाट कापडाचा ब्लाइंड, मागितला जातो. कापडातून प्रकाश येत नाही हे खरे, पण रोलरच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट आणि साखळीची यंत्रणा असल्यामुळे कापड चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूला साधारण दीड सेंटिमीटर अरुंद राहते, आणि पहाटे तेथून उजेडाची एक उभी रेघ आत येते. ज्याला हलक्या झोपेचा त्रास आहे त्याला ती रेघ जागे करते. त्याला चौकटीच्या बाहेर, प्रत्येक बाजूला सात ते दहा सेंटिमीटर भिंतीवर जाणारा ब्लाइंड द्यावा, किंवा बाजूंना पन्हळीसारख्या पट्ट्या लावाव्यात. जाळीदार सनस्क्रीन कापडाचेही तसेच आहे. त्याचा तीन टक्के, पाच टक्के असा जो आकडा सांगितला जातो, तो विणीतील मोकळ्या छिद्रांचे प्रमाण दाखवतो. गडद रंगाच्या विणीतून बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते, फिकट रंग अधिक उष्णता परतवतो. परंतु रात्री आत दिवा लागला की याच कापडातून बाहेरच्याला आतले दिसते, हे ऑर्डर घेण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. आणि उन्हाच्या काहिलीसाठी कोणी विचारले, तर आतल्या पडद्यापेक्षा काचेच्या बाहेरची सावली अधिक उपयोगाची, हेही सांगावे. काच ओलांडून आलेले ऊन खोलीत आलेलेच असते, आतला पडदा त्यातले काही थोडेच परत पाठवतो. आपण बाहेरची छत्री विकत नसलो तरी हे सांगावे.

दोऱ्यांविषयी मात्र मी सल्ला देत नाही, आग्रह धरतो. ब्लाइंडच्या लोंबत्या दोरीत किंवा साखळीच्या फासात लहान मुलाची मान अडकू शकते. मूल ओरडू शकत नाही, आणि शेजारच्या खोलीतील माणसाला काही ऐकू येण्यापूर्वी काही मिनिटांत सगळे संपलेले असते. अनेक देशांनी यावर नियम केले आहेत. कॅनडात २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार हाताला लागणारी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब असता कामा नये. अमेरिकेत तयार मापाच्या मालासाठी दोरीविरहित मानक २०१८ च्या अखेरीस लागू झाले. आपल्यासारख्या मापाने बनवून देणाऱ्यांच्या मालाला मात्र ते जून २०२४ मध्ये लागू झाले. मधली साडेपाच वर्षे ही सवलत आपल्या धंद्याला मिळाली, आणि तिचा मला अभिमान वाटत नाही. मापाने काम करणाऱ्याने खरे तर यात सर्वांच्या पुढे असायला हवे होते, कारण घरात पाळणा आहे की नाही हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. स्प्रिंगचा रोलर १८६४ साली अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी पेटंट केला, म्हणजे दोरीशिवाय खाली-वर होणारा पडदा काही नवी गोष्ट नाही. जेथे साखळी टाळताच येत नाही, तेथे ती भिंतीला ताणून पक्की बसवणारा क्लिप लावल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मी मानत नाही. ग्राहक म्हणाला, भिंतीला आणखी एक भोक नको, तरी मी तो लावतो. आणि कोणी नकोच म्हणून अडून बसला तर ती ऑर्डर सोडतो.

पैशाच्या व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. मापाने बनवलेली वस्तू फळीवर परत ठेवता येत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी साधारण निम्मी रक्कम घ्यावी आणि उरलेली बसवून झाल्यावर. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात घरी येऊन किंवा दूरवरून विकलेला माल १४ दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे, पण ग्राहकाच्या मापाने बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. कायद्याने दिलेली ही मुभा आपण ढालीसारखी वापरू नये. ग्राहकाला परत करण्याचा हक्क नाही, म्हणून तर कापडाचा मोठा तुकडा त्याच्या घरी दोन दिवस ठेवावा. दुकानातल्या दिव्याखाली पांढरा वाटलेला रंग त्याच्या भिंतीजवळ पिवळट दिसतो. कापडाचे नाव, रंगाचा क्रमांक, आत की बाहेर, साखळी डावीकडे की उजवीकडे, हे सर्व लिहून त्याची सही घ्यावी, आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवावी.

बसवणारा माणूस शक्यतो माप घेणाराच असावा, ते जमत नसेल तर दोघांचे रोजचे बोलणे असावे. ब्रॅकेट लेव्हल लावूनच बसवावे. खिडकी तिरकी असेल तर ब्लाइंडही तिच्याबरोबर तिरका लावण्याचा मोह होतो, पण तसे केले की कापड एका बाजूला सरकत जाते आणि त्याची कड काही महिन्यांत उसवते. पोकळ भिंतीत साधी गिट्टी ठोकून जड पडदा टांगू नये. शेवटी पडदा तीनदा खाली-वर करून पाहावा, चौथ्यांदा घरातल्या माणसाला करायला लावावा, आणि जमिनीवर पडलेली धूळ आपणच झाडावी.

जुन्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. परवा एका गृहस्थांचा फोन आला. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे बसवलेल्या ब्लाइंडचे कापड आता विरले होते आणि त्यांना तसाच नवा हवा होता. वही काढली, सहा आकडे आणि दोन कर्ण जागच्या जागी होते. ते म्हणाले, मग येण्याची गरज नाही. मी गेलो. मधल्या काळात त्यांनी खिडकीच्या आत फरशी लावून घेतली होती, आणि रुंदी वर १८ मिलिमीटरने, खाली २१ मिलिमीटरने कमी झाली होती.