एकोणसत्तर प्रेमगीतं आणि पाच गळे : मॅग्नेटिक फील्ड्सची ओळख

मंडळी, रेडिओवर गाणं लागायच्या आधी निवेदक तीन नावं सांगत: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर तिसऱ्याच कुणाचा. त्यामुळे गाण्यातला ‘मी’ म्हणजे गाणारा स्वतःच, असं आपण सहसा धरून चालत नाही. इंग्रजी पॉपमध्ये साठच्या दशकापासून उलटं होत गेलं. गाणाऱ्यानंच लिहायचं, आणि लिहिलेलं त्याच्यावर गुदरलेलं असायला हवं, अशी समजूत रुजली. आजचा आपला बँड, मॅग्नेटिक फील्ड्स, ही समजूत सरळ झुगारतो. मराठी कानाला तो तसा परका वाटू नये.

बँडची सुरुवात बॉस्टनची, पुढे न्यूयॉर्क. शब्द आणि चाली दोन्ही स्टीफिन मेरिटच्या, जन्म १९६५. चेलोवर सॅम डेव्हॉल, गिटार आणि बँजोवर जॉन वू, पियानोवर क्लॉडिया गॉन्सन. बँडचा व्यवहारही अनेक वर्षं तिनंच पाहिला. १९९१ च्या पहिल्या अल्बमात मेरिट गातच नाही. तो आणि त्याच्या पाठचा अल्बम गायली सुझन अ‍ॅनवे. नंतर तो स्वतः गाऊ लागला. आवाज खर्जातला, भावना दाखवायचीच नाही असं ठरवल्यासारखा सपाट. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, माणूस कंटाळलाय. दोन-तीन गाणी झाली की कळतं, आवाज मागे सरकल्यामुळे शब्द पुढे आलेत.

१९९९ साली ‘६९ लव्ह साँग्ज’ आला. मॅनहॅटनमधल्या एका पियानो बारमध्ये बसून नाटकांची गाणी ऐकताना मेरिटला सुचलं की शंभर प्रेमगीतं लिहावीत आणि रंगमंचावर वेगवेगळ्या गायकांकडून गाऊन घ्यावीत. शंभर झेपणार नाहीत म्हणून आकडा एकोणसत्तरवर आला. त्यातला चावटपणा मुद्दाम आहे. तीन सीडी, प्रत्येकीवर तेवीस गाणी, एकूण जवळजवळ तीन तास. काढला मर्ज या छोट्या, स्वतंत्र कंपनीनं, जी मुळात एका बँडच्याच दोघांनी १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू केली होती. मोठ्या कंपनीत असल्या प्रस्तावाची फाईल पहिल्याच टेबलावर अडकली असती.

गळे पाच. मेरिट सोडून चौघं: गॉन्सन, शर्ली सिम्स, एल. डी. बेगटल आणि डडली क्लूट. चौघांना प्रत्येक सीडीवर दोन-दोन गाणी, बाकीची मेरिटची. गंमत वाटपात आहे. पुरुषानं गायलेलं गाणं पुरुषाला उद्देशून असेल, बाईनं गायलेलं बाईला असेल, आणि त्याबद्दल कुठेही खुलासा नाही. ‘पापा वॉज अ रोडिओ’ घ्या. कंट्री संगीताच्या ढंगात, संथ चालीवर मेरिट माइक नावाच्या कुणाला तरी सांगतो की आपण एका रात्रीपलीकडे कुणाबरोबर टिकलेलो नाही. बापच भटक्या होता, घर असं कधी नव्हतंच. शेवटच्या कडव्यात एकदम पंचावन्न वर्षं उलटून गेलेली असतात आणि दोघं अजून एकत्र. तेव्हा माइक पहिल्यांदा तोंड उघडतो, आणि आवाज येतो शर्ली सिम्सचा. माइक बाई होती का? गाणं तिथेच संपतं. एक गळा बदलला आणि आधीची सगळी कडवी मनात पुन्हा ऐकावी लागली. हे काम शब्दांनी केलेलं नाही, वाटपानं केलं.

‘द बुक ऑफ लव्ह’ तुमच्यापैकी काहींनी ब्रिटिश गायक पीटर गेब्रियलच्या आवाजात, भरघोस व्हायोलिनांसह ऐकलं असेल. मूळ गाणं ऐका: तुटपुंजी साथ, तोच कोरडा खर्ज. गेब्रियल रडवतो, मेरिट रडू की हसू हे ठरवू देत नाही. मला मूळ अधिक पसंत.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे तिन्ही सीडी सलग लावणं. दर अडीच मिनिटांनी ढंग बदलतो, कान थकतो आणि तिसऱ्या सीडीतली चांगली गाणी वाया जातात. एका बैठकीला एकच सीडी, शब्द समोर ठेवून. मिनिटभराच्या आतले एक-दोन नुसते विनोद आहेत, ते खुशाल ओलांडा.

मेरिट आधी नियम घालतो, मग लिहितो. २००४ च्या ‘आय’ अल्बमात प्रत्येक शीर्षक इंग्रजी ‘आय’ या अक्षरानं सुरू होतं आणि गाणी अकारविल्हे लावलेली आहेत. २००८ च्या ‘डिस्टॉर्शन’मध्ये जवळपास प्रत्येक वाद्यातून फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून उठणारी शिट्टी, काढलाय, पियानो आणि चेलोतूनही. २०१७ मध्ये पन्नास वर्षांच्या आयुष्यावर वर्षाला एक अशी पन्नास गाणी आली, आणि तिथे मात्र ‘मी’ खरोखर तोच. २०२० च्या ‘क्विकीज’मध्ये अठ्ठावीस गाणी, सर्वांत छोटं तेरा सेकंदांचं, सर्वांत मोठं दोन मिनिटं पस्तीस सेकंदांचं.

मंचावर हा बँड बसून वाजवतो, हळू आवाजात. कारण वैद्यकीय आहे. मेरिटच्या डाव्या कानाला हायपरअक्युसिस आहे. ठरावीक पातळीवरचा आवाज त्याला कानातल्या कानात वाढत जाणाऱ्या शिट्टीसारखा बोचतो. ड्रम आले की गिटारचा अँप्लिफायर वाढवावा लागतो, मग गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, वाढतो, आणि चेलोचा माइक शिट्टी मारू लागतो. ड्रमच काढले की ही साखळी सुरूच होत नाही. उरतात पियानो, चेलो, चार तारांचं युकुलेले, ज्याचा स्वर छेडताच विरतो म्हणून शब्दाला जागा मिळते, आणि ऑटोहार्प. आपल्या स्वरमंडळाला आडव्या पट्ट्या बसवल्या तर जे होईल, तसं हे वाद्य. पट्टी दाबली की नको त्या तारांवर नमदा टेकतो आणि हव्या त्याच वाजतात. अशा साथीवर प्रत्येक यमक शेवटच्या रांगेत स्पष्ट पोचतं. गाणं संपतं, सभागृहात टाळ्या पडतात, आणि मेरिट डाव्या कानावर हात ठेवून त्या थांबायची वाट पाहतो.