मोरचुदाच्या ड्रमाशेजारची फियाट

(शेडचं दार सरकतं. आत अंधार. हळूहळू दोन गोल हेडलाइट दिसायला लागतात.)

नाशिकच्या दिंडोरी रोडला म्हसरूळ मागे टाकलं, ढकांबे गेलं की एक कच्चा रस्ता आत जातो, दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे बाग आणि टोकाला हे शेड. आत फवारणीचा ब्लोअर, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, क्रेट, फवारणीच्या औषधांचे ड्रम, आणि ह्या सगळ्याच्या मागे फाटक्या ताडपत्रीखाली १९६९ ची फियाट ११०० डी. ती विकायला काढलेल्या काकांनी ताडपत्री ओढली, धूळ उडाली, एक मांजर बॉनेटवरून उडी मारून पळालं, आणि खरं सांगतो, मी तिथेच अर्धा भुललो होतो.

काका म्हणाले, डुक्कर फियाट आहे ही. नाहीये. पण नाशकात काय, अख्ख्या महाराष्ट्रात कुठलीही जुनी फियाट दिसली की लोक तिला डुक्कर फियाटच म्हणतात. खरी डुक्कर म्हणजे तिच्या आधीची, पन्नासच्या दशकातली, गोल गुबगुबीत, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. ही त्यानंतरची, चौकोनी अंगाची. आपल्याकडे ही १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायला लागली, आणि पुढे हिलाच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणायला लागले. तीच, मुंबईची काळी-पिवळी.

कंपनी वालचंद हिराचंदांची, आपल्या सोलापूरचा माणूस, १९४४ ला काढलेली. त्याच्या चार वर्षं आधी ह्याच माणसाने बंगळुरूला विमानांचा कारखाना उभा केला होता, तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, एचएएल झाला, त्यांचाच कारखाना आपल्या ओझरला, म्हणजे तिथे जे विमान डोक्यावरून जातं त्याचं आणि ह्या शेडमधल्या गाडीचं लांबचं नातं आहे. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, असंल, पण किंमत तीच, एक लाख दहा.

आता गाडी घ्यायची का नाही हा प्रश्न. बहुतेक लोक पहिलं काय विचारतात? चालू होते का. मीपण तेच विचारलं. १९९८ पासून उभी आहे, चालू कसली होते. पण हा प्रश्नच चुकीचा आहे हे मला नंतर कळलं, आणि ते मला कळवलं वडाळा नाक्याकडच्या एका डेंटरने, म्हणजे पत्रेकामाच्या मिस्तरीने, ज्याचं वय साठच्या पुढे आहे आणि ज्याने सुट्टीच्या दिवशी मला दोन कटिंग चहा आणि एका मिसळीवर ही अख्खी गाडी तपासून दिली.

(गाडीखालून शॉट. हातात टॉर्च.)

आदल्या दिवशी आम्ही चारही प्लग काढून भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडून ठेवलं होतं. सेल्फ मारायचाच नाही, वीस-पंचवीस वर्षं उभ्या इंजिनाला डायरेक्ट सेल्फ मारला की पिस्टनच्या रिंगा तुटतात नाहीतर सिलिंडरला आतून ओरखडे पडतात. दुसऱ्या दिवशी त्याने पुलीच्या नटाला मोठा पाना लावला, जरा जोर दिला, आणि फिरलं! १०८९ सीसीचं ते छोटंसं इंजिन आरामात फिरलं, डिपस्टिकवरचं ऑइल काळंकुट्ट होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही. मी आनंदाने ओरडलो. डेंटर म्हणाला, एवढं खूश होऊ नको, हा तर सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आणि ते खरंय. हे इंजिन थोड्याफार फरकाने पद्मिनीत शेवटपर्यंत राहिलं, पद्मिनी बनायची थांबली २००० च्या आसपास, आणि मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती पण रस्त्यावरून गेली. म्हणजे परवा-परवापर्यंत हिचं पोट दुरुस्त करणारे मिस्तरी होते, पिस्टन, रिंगा, ब्रेक शू, व्हील सिलिंडर असलं सामान कुर्ल्याला सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसला शोधलं तर मिळतं. इंजिन गेलेलं असलं तर पैसे जातात, गाडी जात नाही. ब्रेकचं पण तेच, सगळे ड्रम ब्रेक, सगळं उकलायचं, सिलिंडर-रबर बदलायचे, झालं. टाकी उघडली तर वॉर्निशसारखा वास, जुनं पेट्रोल सुकून डिंक झालेलं, ती टाकी पण काढून धुवायची, कार्बोरेटर तर मुळापासूनच. आणि आताच्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुने रबरी पाइप टिकत नाहीत, त्यातलं इथेनॉल रबर फुगवतं आणि पाणी ओढून घेतं, त्यामुळे टँकपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक पाइप नवीन. हे सगळं चालतं, खर्च मोजता येतो.

मोजता येत नाही तो पत्रा.

(फ्रिजवरचा देवीचा मॅग्नेट, रुमालात गुंडाळलेला.)

हा आमच्या फ्रिजवरचा, वणीच्या गडावरून आणलेला. रुमालात गुंडाळायचा म्हणजे पेंटला चरा पडत नाही, आणि गाडीच्या खालच्या अंगाने फिरवत जायचं. जिथे पत्रा आहे तिथे चिकटतो, जिथे कुणीतरी गंज खरवडून पुट्टी भरून वर रंग मारलाय तिथे गळून पडतो. डाव्या बाजूला चिकटला, दरवाजाखाली एका जागी पडला, ठीक. उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या दरवाजाखाली, मॅग्नेट तीन फुटात एकदापण चिकटला नाही. डेंटरने स्क्रूड्रायव्हर घेतला, टोकाने नुसता दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत.

का फक्त उजवीकडेच? हे कोडं सुटायला अर्धा तास लागला, आणि सुटलं ते काकूंमुळे. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अहो त्या बाजूला बोर्डोचा ड्रम असतो ना.

द्राक्षावर डाउनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून मारतात ते बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद भिजवायचा प्लॅस्टिकचा ड्रम पावसाळ्यापासून छाटणीपर्यंत तिथेच, आणि ओतताना, ढवळताना जे सांडतं ते उतारावरून थेट गाडीखाली. शाळेत प्रयोग केला होता आठवतोय का, मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकायचा, खिळ्यावर तांबं चढतं आणि लोखंड विरघळत जातं. काकांच्या शेडमध्ये तो प्रयोग पंचवीस वर्षं चालला होता, खिळ्याच्या जागी फियाट.

नाहीतर नाशिकची हवा गाड्यांना तशी चांगली. मुंबईसारखी खारी हवा नाही, म्हणून इथल्या शेतातल्या गाड्या बघायला मुंबईहून लोक येतात. वरचा तांबूस गंज बघून घाबरायचं कारण नसतं, तो घासला की जातो. पण लोखंड गंजलं की फुगतं, पापुद्रा सुटतो, खालचं नवीन लोखंड परत उघडं पडतं, ॲल्युमिनियमसारखा वर थर धरून आत शांत राहत नाही, आणि असं करत करत एक दिवस आरपार.

आता एखाद्याला वाटेल, मारा वेल्डिंग, लावा ठिगळ. जीप असती तर मारलं असतं, जीपची चासी वेगळी, बॉडी वेगळी, बॉडी सडली तरी खाली सांगाडा शाबूत. ह्या फियाटला वेगळी चासीच नाही, बॉडी हाच सांगाडा, दरवाजाखालचा तो पोकळ पत्र्याचा खांब आणि फ्लोअर, ह्यांच्यावर सगळं उभं. डेंटरने मधोमध जॅक लावला आणि मला म्हणाला, आता दरवाजा लाव. जमिनीवर असताना लागत होता. जॅकवर घेतल्यावर लॉक बोटभर वर येऊन आपटलं, लागेचना. गाडी मधून वाकत होती.

(बराच वेळ कुणी बोलत नाही. बाहेर ब्लोअरचा आवाज.)

त्याने हिशोब सांगितला. दोन्ही बाजूंचे खांब, फ्लोअर, जॅकपॉइंट, पत्रा कापून हाताने वळवून बसवायचा, आधी आतून आधार ठोकायचे नाहीतर कापताना गाडी वाकडी होणार, मग रंग. पत्रा आणि रंग मिळून अडीच लाख, आणि सहा महिने सांगितले तर वर्ष धर. इंजिन-ब्रेक-वायरिंग-सीट वेगळे. क्रोमच्या पट्ट्या, हँडल, ग्रिल मिळतील तेव्हा मिळतील, टॅक्सीवाल्यांनी इंजिन जपलं, नखरे जपले नाहीत. सगळं मिळून साडेपाच-सहा लाखांची गाडी, आणि विकायला काढली तर तेवढे येतील ह्याची खात्री कुणीच देत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पैशाचं नंतर बघू, ती उभी कुठे करणार? इंदिरानगरच्या सोसायटीत एक पार्किंग आहे आणि त्यात आपली स्कूटर आणि गाडी मिळून आधीच दाटीवाटी, वर्षभर इंजिन सोफ्याखाली ठेवणार का. मी म्हणालो भाड्याने गाळा बघू, अंबडला. ती नुसती बघत राहिली.

पण मी तरी हो म्हणायच्याच बेतात होतो. मला थांबवलं ते आरसी बुकने.

काकांनी पत्र्याच्या पेटीतून काढून आणलं, कोपरे उंदराने खाल्लेले. मुंबईचा जुना तीन अक्षरी नंबर, आणि नाव काकांच्या वडिलांचं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे आधी गाडी वारसांच्या नावावर यायला पाहिजे, त्याला फॉर्म ३१, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांची संमती. मग तिथून माझ्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. वारस किती? काका, मुंबईचे धाकटे भाऊ, आणि संगमनेरची बहीण. भाऊ सही करतील, बहिणीशी जमिनीवरून सहा वर्षं बोलणं बंद. हे काका ताडपत्रीची दोरी सोडत-बांधत सांगत होते, माझ्याकडे न बघता.

पुढे पेठ रोडला आरटीओत अजून एक गंमत. इतका जुना नंबर ऑनलाइन दिसतच नाही, आधी त्याची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या कागदावरून संगणकात नोंद, करून घ्यावी लागते, थकलेला टॅक्स भरायचा, मग रिन्यूअल. लोकांना वाटतं पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच, तसं आपल्याकडे नाही, ते दिल्लीचं. इथे गाडी फिट असेल तर पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते, फक्त वीस वर्षांच्या पुढच्या गाडीची फी २०२५ पासून दहा हजार झालीये. दुसरा रस्ता विंटेजचा, २०२१ चा नियम, पन्नास वर्षांच्या पुढची आणि मूळ रूपातली गाडी, नवीन नोंदणी वीस हजार, दहा वर्षांसाठी. पण ती रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला तर रविवारी सकाळी गंगापूर धरणावर न्यायची होती. मी एकदा चेष्टेत म्हणालो पेट्रोल भरायला जातोय म्हणून सांगीन. डेंटर हसला नाही.

मग मी काकांना सांगितलं, एक लाख दहा मी देत नाही, चाळीस देतो, कारण मी इंजिन आणि काचा घेतोय, बाकी पत्रा नवीनच बसणार. आणि तेपण तिन्ही सह्या झाल्यावर, टोकन आत्ता एक रुपयापण नाही. मला वाटलं काका चिडतील. काका बराच वेळ गप्प राहिले. मग काकू आतून म्हणाल्या, आखाजीला बोलवा ना ताईंना, गाडीच्या निमित्ताने तरी.

काका काहीच बोलले नाहीत. होपण नाही, नाहीपण नाही.

निघताना मी आणि डेंटरने मिळून तो बोर्डोचा ड्रम उचलला, म्हणजे उचलला कसला, ढकलत ढकलत शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला, गाडीखाली चार ठिकाणी लाकडी ओंडके लावले आणि उजव्या बाजूची जमीन बादलीभर पाण्याने धुतली. काका दारात उभे राहून बघत होते. पाणी निळसर वाहत बाहेर आलं, तेव्हा म्हणाले, अजून एक बादली आणू का.