घरातला मोठा फिशटँक: आधी जमीन, मग काच

(सांगलीत हौशी मत्स्यपालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सांगलीकरांना पाण्याची उंची समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की घरोघरी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट चढलं. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला तो आकडा ५७च्या वर गेलेला आपण सगळ्यांनी पाहिला. नदीत एकूण पाणी किती, हे कुणी विचारत नाही. चढलं किती, ते विचारतात.

काचेच्या टाकीचं गणित हेच आहे. तळाशी किती दाब पडणार हे पाण्याच्या उंचीवर ठरतं. टाकी चार फूट लांब असो की बारा, उंची तीच तर दाब तोच. सायमन स्टीव्हिनने १५८६ मध्ये हे मांडलं, तरी आजही लोक माझ्याकडे येऊन आधी लांबी सांगतात. मी उंची विचारतो.

एक टाकी डोळ्यांसमोर आणा. लांबी २४० सेंटीमीटर, रुंदी ७५, पाण्याची उंची ७५. साडेतेराशे लिटर पाणी. हे पाणी समोरच्या एकट्या काचेला पावणेसातशे किलोंच्या जोराने बाहेर रेटतं. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. आता उंची फक्त १५ सेंटीमीटरने कमी करा. तो रेटा एक तृतीयांशाहून जास्त उतरतो, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, पैसे उंचीवर घालू नका, रुंदीवर घाला. मासा आडवा पोहतो. हवा पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळते. आणि तळ साफ करायला हात तळापर्यंत पोचायला हवा. ७५ सेंटीमीटरला खांदा भिजतो तरी बोटं वाळूला लागत नाहीत.

आता वजन. त्याच टाकीला १९ मिलिमीटर काच धरली तर नुसती काच तीनशे किलोंच्या वर जाते. पाणी, वाळू, दगड, लोखंडी स्टँड मिळून जवळजवळ दोन टन, आणि हे सगळं पावणेदोन चौरस मीटर जागेवर. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. इथे तो हजारावर जातो. याचा अर्थ स्लॅब लगेच पडेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण अंदाजाने ठेवण्याची ही वस्तू नाही. आरसीसी डिझायनरला घरी बोलवा, नकाशा दाखवा, बीम कुठून गेलाय ते विचारा. टाकी भिंतीलगत, बीमच्या जवळ. बाहेर काढलेल्या गॅलरीत कधीही नको.

तळमजला बरा, पण आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरमाच्या भरीवर बसवलेली फरशी वरून सरळ दिसते. बोटाच्या पेराने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. तेवढ्या जागेची फरशी काढून, धुम्मस करून, काँक्रीट घाला आणि मगच स्टँडचं माप घ्या.

स्टँडची एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. माझ्या पहिल्या मोठ्या टाकीखाली स्टँडच्या पट्टीवर वेल्डिंगचा एक थेंब घासायचा राहून गेला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. टाकी भरली, तीन दिवस चांगली राहिली. चौथ्या रात्री तळाची काच त्या दाण्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. सकाळी हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी आणि सोफ्याखाली मासे. दोन वाचले. तेव्हापासून स्टँड तयार झाला की मी डोळे मिटून तळहात फिरवतो. डोळ्यांना न दिसणारं हाताला कळतं. वर जाड प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट, मग काच. आणि चारही कोपरे गवंड्याच्या नळीच्या पाणसळीने तपासायचे. एक कोपरा दबलेला राहिला तर काचेला पीळ पडतो, आणि पीळ काच सोसत नाही.

काच साधी फ्लोट घ्या. टफन काच जास्त ताण सोसते हे खरं, पण ती नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि फुटते तेव्हा क्षणात सगळी चुरा होते. साध्या काचेला बहुतेक वेळा आधी तडा जातो, पाणी झिरपतं, आपल्याला धावायला वेळ मिळतो.

सिलिकॉन शुद्ध हवं, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. ते हवेतली ओल घेऊन बाहेरून आत सुकतं, त्यामुळे आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत जास्त दिवस लागतात. शिरक्यासारखा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. मग रात्री दिवे बंद करून सांध्याच्या कडेने बॅटरीचा झोत टाका. हवेचा बुडबुडा मोत्यासारखा चमकतो. एखादा बारीक असला तर चालेल. आरपार रांग दिसली तर सांधा कापून पुन्हा भरा. सुकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, त्यामुळे वरून ठिगळ लावायच्या भानगडीत पडू नका. वरच्या कडेला काचेच्या पट्ट्या मात्र हव्यातच, नाहीतर समोरची काच मधे फुगते. पहिली भरणी अंगणात, तीन टप्प्यांत, आणि मग आठवडाभर तशीच ठेवायची.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: "आमचं घर गावभागात आहे. पुराचं काय?" ताई, पाणी येणार म्हटल्यावर माणसं टाकी रिकामी करायला धावतात. तसं करू नका. आपली ही टाकी रिकामी असली तर १७-१८ सेंटीमीटर पाण्यात तरंगायला लागते. स्टँड अडीच फुटांचा धरला, तर घरात पाणी तीन फुटांच्या वर गेलं की ती उचलली जाणार आणि भिंतीवर आदळणार. पुलाजवळ पाणी ३५ फुटांवर गेलं की मासे आणि फिल्टरमधले स्पंज टाकीच्याच पाण्यासकट ड्रममध्ये भरा, वरच्या मजल्यावर न्या, बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. खालचा मेन स्विच बंद करा. आणि निघताना टाकी पुन्हा नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवा.